वंध्यत्वावरचा उपचार : कोणाच्या वाट्याला?

१८६५ साली थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोहोचली आणि डोंगरमाथ्यावरचे हे छोटे गाव मुंबईशी जोडले गेले. तेव्हापासून नोकरी, व्यापार, शिक्षण आणि मोठे दुखणे या कारणांसाठी इथली माणसे घाट उतरून मुंबईला जात आली आहेत. मोठे दुखणे म्हटले की परळ, आणि परळ म्हटले की महापालिकेचे केईएम रुग्णालय, हे समीकरण १९२६ पासून, म्हणजे ते रुग्णालय उभे राहिल्यापासून, चालत आले आहे.

लग्नाला सहा-सात वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, तर या भागातल्या जोडप्यासमोर मात्र दोन वाटा असतात. एक वाट जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वरला जाते. संततीसाठी तिथे नारायण नागबळीचा विधी करण्याची प्रथा आहे. दुसरी वाट घाट उतरून दवाखान्याची. पहिल्या वाटेने जाणाऱ्यांना अंधश्रद्धाळू म्हणून हसणे सोपे आहे. पण दुसरी वाट त्यांच्यासाठी खरोखर किती खुली होती, हे आधी तपासायला हवे. या लेखात आम्ही त्या दुसऱ्या वाटेचा इतिहास पाहणार आहोत. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात काचनलिकेतील फलन, सरोगसी आणि वीर्यपेढी यांचा उल्लेख येतो. हे तंत्र काय आहे ते मुलांना सांगितले जाते. ते कोणाला मिळते, हा प्रश्न बहुधा वर्गाबाहेरच राहतो.

दोष कोणाचा?

मूल न होण्याचा दोष आपल्याकडे शतकानुशतके एकट्या बाईच्या माथी मारला गेला. तिच्यासाठी भाषेने 'वांझ' हा शब्द घडवला. पुरुषासाठी तितका बोचरा, रोजच्या वापरातला शब्द मराठीत नाही. डोहाळजेवणाला, बारशाला तिला बोलवायचे की नाही यावर घरात कुजबुज होई. नवऱ्याने दुसरे लग्न करणे हा तर मान्यताप्राप्त 'उपाय' होता. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो नियम देशभर लागू केला. तोवर कायद्याचीही या उपायाला आडकाठी नव्हती.

विज्ञानाने मात्र हा समज फार पूर्वीच मोडीत काढायला हवा होता. लेव्हेनहूकने १६७७ साली आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्यांचे बीजांड कार्ल फॉन बेअरने १८२७ साली दाखवले. ऑस्कर हर्टविगने १८७० च्या दशकात समुद्री साळींदरावर प्रयोग करून दोन पेशींची केंद्रके एक होतात तेव्हा फलन होते, हे दाखवून दिले. मूल होण्यासाठी दोघांचा वाटा सारखाच लागतो, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. स्त्रीच्या अंडाशयातून दर महिन्याला साधारणपणे एक बीज बाहेर पडावे लागते, बीजनलिका मोकळी असावी लागते, पुरुषाच्या वीर्यात पुरेसे आणि हालचाल करणारे शुक्राणू असावे लागतात, आणि फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजावे लागते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट बिघडली तरी गर्भ राहत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर आढळते.

तरीही तपासणीसाठी आधी बाईलाच पुढे केले जाते. तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, नळ्यांची क्ष-किरण तपासणी होते, कधी दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही होते. पुरुषाच्या वीर्याची तपासणी मात्र वर्षानुवर्षे राहून जाते. या तपासणीला मुख्यतः सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाची हीच तपासणी. न्यायाचा पहिला प्रश्न असा घराच्या उंबरठ्याआतच उभा राहतो.

मुले नकोत यासाठी उभारलेली व्यवस्था

अपत्यजन्माविषयी मराठीत उघडपणे बोलायला सुरुवात झाली ती मुले थांबवण्याच्या बाजूने. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांचा आग्रह स्त्रीच्या इच्छेवर होता. किती मुले व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे तिने ठरवावे, अशी ती भूमिका होती. हाच विचार पुढे नेला, तर मूल हवे असणाऱ्या स्त्रीची इच्छाही त्यात बसते.

पण सरकारी धोरणाने या विचाराचा एकच अर्धा भाग उचलला. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. साठच्या दशकात मुंबईतल्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली गेली. गाडीतून उतरून कामावर जाणाऱ्या माणसाला तिथेच शस्त्रक्रिया करून घेता येई. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्यानंतर सक्ती ओसरली, तरी उद्दिष्टांचे आकडे बराच काळ राहिले. गावातल्या आरोग्य सेविकेला शस्त्रक्रियेसाठी किती बायका आणायच्या याचे लक्ष्य दिलेले असे.

या सगळ्या काळात गरीब बाईचे गर्भाशय सरकारच्या दप्तरात नोंदले गेले ते 'थांबवायचे' या एकाच रकान्यात. शस्त्रक्रिया मोफत, वर पैसे, ने-आण करायला गाडी. त्याच बाईच्या शेजारणीला मूल होत नसेल, तर तिच्यासाठी त्याच केंद्रात सांगण्यासारखे जवळपास काहीच नव्हते. १९९४ साली कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकास परिषदेच्या कृती-कार्यक्रमात वंध्यत्वाचा प्रतिबंध आणि योग्य उपचार यांचा प्रजनन आरोग्याच्या प्राथमिक सेवांमध्ये समावेश झाला. भारताने त्या कार्यक्रमाला मान्यता दिली. कागदावर तरी तेव्हापासून दोन्ही रकाने आहेत.

ओल्डहॅम आणि परळ

आता प्रयोगशाळेकडे वळू. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन ही मुलगी जन्मली. तिच्या आईच्या बीजनलिका बंद होत्या. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी आईच्या अंडाशयातून बीज काढले, काचपात्रात त्याचे फलन घडवले आणि भ्रूण गर्भाशयात सोडला. वर्तमानपत्रांनी या मुलीला 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हटले. प्रत्यक्षात परीक्षानळी वापरली जात नाही, बशीसारखे उथळ पात्र वापरले जाते, पण नाव चिकटले ते चिकटले.

या घटनेतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की लुईसचे वडील रेल्वेत वाहनचालक होते आणि ओल्डहॅमचे रुग्णालय सरकारी होते. जगातले हे पहिले मूल कामगाराच्या घरी, सरकारी दवाखान्यात जन्मले. दुसरी अशी, की या संशोधनासाठी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे अनुदान मागितले होते आणि १९७१ साली ते नाकारले गेले. सुरक्षिततेच्या शंका हे एक कारण होतेच, पण वंध्यत्व दूर करण्यापेक्षा लोकसंख्या आवरणे अधिक महत्त्वाचे, हा विचारही त्यामागे होता. सरकारी दप्तरातला एकच रकाना ही केवळ आपलीच कहाणी नव्हती.

भारतात कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे लुईसनंतर सत्तर दिवसांनी, अशाच एका मुलीच्या जन्माची घोषणा केली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली करण्यात आली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

त्यानंतरचा टप्पा परळचा. केईएमला लागूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. या संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएममधील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी एकत्र काम केले आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये बाह्य फलनातून एक मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली भारतातली ही पहिली घटना. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रे आनंद कुमार यांच्या हाती आली. ती तपासून १९९७ साली त्यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे लिहिले. जो मान आपल्या नावावर होता तो पुराव्यानिशी दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ विरळा. श्रेयाच्या बाबतीतही न्याय करता येतो, याचे हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

परळच्या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेऊ. संशोधन संस्था सरकारी होती. रुग्णालय महापालिकेचे होते. म्हणजे भारतातले हे तंत्र जनतेच्या पैशातून उभे राहिले आणि गिरणगावातल्या, सर्वसामान्यांच्या दवाखान्यात सिद्ध झाले. इगतपुरीहून गाडीने येणारा रुग्ण ज्या आवारात केसपेपर काढतो, त्याच आवारात.

तंत्र आवाराबाहेर पडते

यापुढे काय झाले? ओल्डहॅमचे काम स्टेप्टो निवृत्त झाल्यावर सरकारी व्यवस्थेत पुढे चालू राहिले नाही. १९८० साली बॉर्न हॉल हे खासगी केंद्र निघाले. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात या उपचारांचा विस्तार झाला तो मुख्यतः खासगी केंद्रांतून. आज नाशिकसारख्या शहरातही अशी केंद्रे आहेत, आणि कुशल डॉक्टर जवळ आले ही चांगलीच गोष्ट आहे. पण सरकारी रुग्णालयांत हे तंत्र त्या वेगाने पसरले नाही. जन्म सरकारी आवारात आणि वाढ खासगी आवारात, असा हा इतिहास आहे.

उपचारात काय करावे लागते ते पाहिले म्हणजे अडचण कळते. स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. या काळात वरचेवर सोनोग्राफी होते. मग सुईने बीजे काढली जातात, प्रयोगशाळेत फलन होते, आणि तीन ते पाच दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडला जातो. गर्भ राहिला की नाही हे कळायला आणखी दोनेक आठवडे लागतात. याला एक आवर्तन म्हणतात. खासगी केंद्रात एका आवर्तनाचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख रुपये येतो.

हा आकडा इगतपुरी तालुक्यातल्या मजुराच्या हिशेबात बसवून पाहू. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दीड लाखाला २९७ ने भागले तर ५०५ येतात. म्हणजे एक पैसाही न खाता पाचशेपाच दिवस काम केले, तर एका आवर्तनाची रक्कम जमेल. शिवाय केंद्रात जाण्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडणार, ती वेगळीच. भाताच्या लावणीच्या दिवसांत तर ती आणखी महाग पडते.

आणि पाचशे दिवसांची कमाई देऊन काय मिळते? मूल मिळतेच असे नाही, मूल होण्याची शक्यता मिळते. वय आणि कारण यांनुसार ती बदलते. समजण्यासाठी आपण ती तीनात एक धरू. मग एका आवर्तनात अपयश येण्याची शक्यता दोन-तृतीयांश. तीन आवर्तने केली, तर तिन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता २/३ गुणिले २/३ गुणिले २/३, म्हणजे ८/२७. यश मिळण्याची शक्यता १९/२७, सुमारे सत्तर टक्के. (प्रत्यक्षात प्रत्येक प्रयत्न इतका स्वतंत्र नसतो, पण दिशा कळायला हे गणित पुरेसे आहे.) ज्याच्याकडे एकाच आवर्तनाचे पैसे आहेत त्याला तेहतीस टक्के, आणि ज्याच्याकडे तिघांचे आहेत त्याला सत्तर. एकाच आजाराचे दोन रुग्ण, एकच डॉक्टर, एकच प्रयोगशाळा. फरक फक्त खिशाचा. जमीन गहाण टाकून एकदा प्रयत्न केलेल्या जोडप्यांपैकी दर तिघांमागे दोघांच्या हाती शेवटी कर्ज तेवढे उरते. दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणासाठी याहून बोलके उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

नळी बंद का झाली?

आतापर्यंत आपण उपचाराच्या शेवटच्या पायरीविषयी बोललो. पण न्यायाचा विचार पहिल्या पायरीपासून करायला हवा. बीजनलिका बंद असेल तर बाह्य फलन लागते. पण ती मुळात बंद का होते?

भारतात याचे एक महत्त्वाचे कारण क्षयरोग आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसांतून रक्तावाटे बीजनलिकांपर्यंत जाऊ शकतात. खोकला नाही, ताप नाही, अशा अवस्थेत ते तिथे ठाण मांडतात आणि नळी आतून व्रणांनी चिकटून जाते. पुढे औषधाने जंतू मरतात, पण चिकटलेली नळी बहुधा उघडत नाही. दुसरे कारण म्हणजे बाळंतपणानंतर, अकुशल हातांनी केलेल्या गर्भपातानंतर किंवा लैंगिक संबंधांतून होणारे जंतुसंसर्ग. ही सगळी कारणे गरिबीच्या वाटेने येतात. कोंदट खोली, कमी पोषण, उशिरा निदान आणि 'बाईचे दुखणे' म्हणून अंगावर काढलेला आजार यांतून ती वाढतात.

याचा ठोस पुरावा महाराष्ट्रातूनच आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यांपैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. परळला जन्मलेली मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. एकाच राज्याच्या एका टोकाला काचपात्रात फलन होत होते, आणि दुसऱ्या टोकाला साधी तपासणीसुद्धा होत नव्हती.

इथे न्यायाचे गणित उलटे दिसते. ज्यांना नळी बंद होण्याचा धोका अधिक, त्यांनाच बंद नळीवरचा उपचार परवडत नाही. सरकारी आरोग्य विमा योजनेचाही इथे आधार नाही. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार सर्वसाधारणपणे वगळलेले आहेत.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूच्या स्त्रिया

उपचार सर्वांना मिळावा एवढे म्हणून भागत नाही. या उपचारासाठी कधी दुसऱ्या स्त्रीचे बीज लागते, कधी दुसऱ्या स्त्रीचे गर्भाशय. ती दुसरी स्त्री कोण असते?

मुंबईतच जानेवारी १९९१ मध्ये दात्या स्त्रीच्या बीजापासून मूल जन्माला घालण्याचे तंत्र यशस्वी झाले होते. ज्या स्त्रीच्या अंडाशयात बीजेच उरलेली नाहीत, तिच्यासाठी हे वरदानच. पण बीज देणे हे रक्तदानासारखे दहा मिनिटांचे काम नव्हे. दात्रीलाही तीच इंजेक्शने, तीच सुई, आणि अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित होण्याचा तोच धोका. पैशाची गरज असलेल्या मुली या कामासाठी पुढे येऊ लागल्या. २०१० साली मुंबईत बीज काढल्यानंतर दोनच दिवसांनी सतरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. हे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अठराही पूर्ण न झालेली मुलगी तिथवर पोहोचलीच कशी, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला.

सरोगसीचेही तसेच. या शतकाच्या पहिल्या दशकात भारत हे पैसे देऊन गर्भाशय वापरण्याचे जागतिक केंद्र बनले. परदेशी जोडपी येत, इथल्या गरीब बायका नऊ महिने मूल वाढवून देत. काहींनी त्या पैशातून घर बांधले, मुलांना शिकवले, हेही खरे आहे. पण करारपत्र तिला वाचता येत होते का, बाळंतपणात काही बिघडले तर तिची काळजी कोण घेणार, याची उत्तरे कायद्यात नव्हती.

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने दोन कायदे मंजूर केले, एक साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानासंबंधी आणि दुसरा सरोगसीसंबंधी. ते जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आता बीजदान करणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांचीच असावी लागते, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यायचे आणि सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत, तिचा विमा उतरवायचा, असे नियम आहेत. पैसे घेऊन सरोगसी करण्यास बंदी आहे. केंद्रांची नोंदणी सक्तीची आहे. या तंत्राचा वापर करून मुलगा निवडण्याचा मोहही कायद्याने बंद केला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली, हे इथे आठवावे.

पण नव्या कायद्यांनी नवी कुंपणेही घातली. विवाहित जोडप्याला आणि एकट्या स्त्रीला बाह्य फलनाचा उपचार घेता येतो; एकट्या पुरुषाला किंवा समलिंगी जोडप्याला नाही. सरोगसीचा मार्ग एकट्या स्त्रियांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटितांना खुला आहे, अविवाहितेला नाही. पैसे असलेला रुग्णही इथे अडतो. आणि जो पैशांअभावी अडला आहे, त्याच्यासाठी या कायद्यांत काही नाही. ते खासगी केंद्रांना शिस्त लावतात; सरकारी रुग्णालयाने हा उपचार पुरवावा, असे बंधन घालत नाहीत.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

शिक्षकांच्या खोलीत हा विषय काढला, की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : आधीच लोकसंख्या एवढी, त्यात आणखी मुले कशाला? याचे उत्तर आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होतात. लोकसंख्या कायम राहायला लागणाऱ्या २.१ पेक्षा हा आकडा कमी आहे. शिवाय लोकसंख्येचा भार वंध्य जोडप्याने, तोही फक्त गरीब वंध्य जोडप्याने उचलावा, हे कोणते न्यायाचे तत्त्व?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुपोषण, क्षय, बाळंतपणातले मृत्यू हे प्रश्न समोर असताना सरकारने लाखांचा उपचार मोफत का द्यावा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो झटकून टाकू नये. पैसा मर्यादित असेल तर क्रम लावावाच लागतो. इस्रायलने दोन मुलांपर्यंतचा हा खर्च सरकारी पैशातून करायचे ठरवले. ब्रिटनमध्ये २००४ साली तज्ज्ञ संस्थेने पात्र स्त्रियांना तीन आवर्तने द्यावीत अशी शिफारस केली, तरी प्रत्यक्षात कोणत्या भागात राहता त्यावर आवर्तनांची संख्या ठरत राहिली. श्रीमंत देशांनाही हे कोडे पूर्ण सुटलेले नाही.

पण आम्हाला असे वाटते, की हा आक्षेप घेताना आपण वंध्यत्वाचा उपचार म्हणजे फक्त बाह्य फलन असे गृहीत धरतो, आणि तिथेच चूक होते. उपचाराच्या पायऱ्या अनेक आहेत. क्षयाचे वेळेवर निदान ही पहिली पायरी, आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफतच मिळतात. स्त्रीरोगांची तपासणी ही दुसरी. दोघांचीही एकाच वेळी तपासणी, त्यात पुरुषाची आधी, ही तिसरी. थायरॉइडसारख्या संप्रेरकांचे विकार गोळ्यांनी सुधारतात, बीज तयार होत नसेल तर त्यालाही स्वस्त औषधे आहेत, ही चौथी. मूल दत्तक घेण्याच्या कायदेशीर मार्गाची नीट माहिती हीसुद्धा एक पायरीच. यांतली बहुतेक कामे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातली आहेत. अनेक जोडप्यांना शेवटची, महागडी पायरी चढावीच लागणार नाही. ज्यांना ती चढावी लागेल त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयात उघड निकषांवरची रांग असावी. हे स्वप्नरंजन नव्हे. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली मोफत बाह्य फलनाची सोय सुरू केली.

वर्गात हा भाग शिकवताना मुलांना एक काम देता येईल. उपचाराच्या या पायऱ्या फळ्यावर क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने काढावेत : ती आपल्या तालुक्यात होते का, तिला किती खर्च येतो, आणि ती कोणी करून घ्यायची, नवऱ्याने की बायकोने. इगतपुरी, घोटी किंवा आपल्या गावाजवळच्या दवाखान्यात विचारून मुलांनी ते रकाने भरावेत. कोणाच्या घरची गोष्ट विचारायची नाही, फक्त सोयींची माहिती घ्यायची. वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी दत्तक घेतलेली असेल, एखादे मूल उपचारांनंतर झालेले असेल, याचे भान शिक्षकाने ठेवावे. 'वांझ' हा शब्द त्या तासाला आणि त्यानंतरही वर्गात येणार नाही, एवढे पाहिले तरी बरेच साधेल.

तक्ता भरल्यावर बहुधा असे दिसेल, की वरच्या स्वस्त पायऱ्यांपुढेच रिकाम्या जागा जास्त आहेत. त्या भरण्यासाठी नवा शोध लागायचा नाही. सूक्ष्मदर्शक साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे.